विद्यापीठ गेटवरच्या परदेशी पोरांचे कागद आपण का लावून द्यायचे?

गेटवरचा_झेरॉक्सवाला

छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठ गेटजवळ, बेगमपुऱ्याकडच्या बाजूला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. स्कॉलरशिप, हॉल तिकीट, जात पडताळणी ही रोजची कामं. त्यातच येमेन, सुदान, सोमालियाच्या विद्यार्थ्यांचे ई-एफआरआरओचे (परदेशी नागरिकांच्या नोंदणी-व्हिसाच्या सरकारी पोर्टलचे) फॉर्मही भरतो. त्यावरून माझं एक ठाम मत झालंय, ते मांडतो. भांडायचं तर भांडा.

मायदेशी परतता येत नाही अशा माणसाला कागद लावायला मदत करणं हे या शहराचं काम आहे. ते चोरून नाही, उघड टेबल मांडून व्हावं. एक टेबल विद्यापीठात, एक जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात.

कारण ही साखळी कुठे तुटते ते मी रोज बघतो. व्हिसा वाढवायला बोनाफाईड लागतं. व्हिसा चालतो पासपोर्टवर, पासपोर्ट देतो दूतावास, आणि दूतावास चालतो मागे सरकार असेल तर. येमेनमध्ये २०१४ पासून धड सरकार नाही. सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून दोन फौजा एकमेकांवर तुटून पडल्यात. पोरगा इथे पीएचडी करतोय, डिग्री हातात आली की बोनाफाईड बंद, म्हणजे व्हिसा बंद. पास होणं हाच गुन्हा! अफगाण पोरांचं तर वेगळंच झालं. २५ ऑगस्ट २०२१ ला सरकारने भारताबाहेर असलेल्या अफगाणांचे जुने व्हिसा रद्द केले. जे सुट्टीला घरी गेले होते ते तिकडेच अडकले.

मग कोणीतरी कानात सांगतं, 'यूएन का कार्ड (संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित ओळखपत्र) बना लो', आणि एजंट उगवतो. आपण टेबल मांडलं नाही तर तो मांडतोच.

एन५_घरमालक

टेबल खुशाल मांडा. सी फॉर्म (परदेशी माणूस घरात राहतोय हे कळवायचा) मात्र तुमच्या नावावर भरा.

माझ्याकडे वरच्या मजल्यावर परदेशी विद्यार्थी होते. पोरं सभ्य, भाडं वेळेवर. पण परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत कळवायचं ही जबाबदारी माझी. १ सप्टेंबर २०२५ पासून नवीन इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा आलाय. व्हिसा संपूनही थांबलं तर ३ वर्षांपर्यंत कैद, ३ लाखांपर्यंत दंड. वैध पासपोर्टशिवाय देशात शिरलं तर ५ वर्षं, ५ लाख. सूट कुणाला आहे तेही वाचा: नेपाळ, भूतान, तिबेटी, ठरावीक तारखेआधी आलेले श्रीलंकन तमिळ, आणि शेजारच्या तीन देशांतले अल्पसंख्याक. येमेन, सुदान त्या यादीत नाहीत. उद्या पोलिस आले तर दार मी उघडणार, धागा काढणारे नाही.

दुष्काळी_केज

आमच्याकडं दिवाळी झाली की गावं रिकामी होतेत. कोयता घेऊन नवरा-बायको सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकात. लेकरू पाचटात खेळायलंय, शाळा इकडं राहिली. रेशन कुठंबी मिळतंय म्हणतेत, पण अंगठा जुळत नाही म्हणून परत पाठवतेत. ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र ग्रामसेवकाकडं मागायला गेलं तर साहेब मीटिंगला. ह्या भारताच्या माणसाला टेबल नाही, आन् तुम्ही सुदानच्या माणसाला टेबल मांडायलात. आधी घरचं बघा की.

गेटवरचा_झेरॉक्सवाला

केजचे दादा, तुमच्या रागाशी भांडण नाही. पण येमेनी पोराचा फॉर्म भरला म्हणून तुमचा ग्रामसेवक मीटिंगला गेला नाही ना? दोघंही एकाच गोष्टीला अडलेत, कागद आहे पण चालत नाही. आणि मी सुदानच्या माणसाला रेशन द्या म्हणत नाहीये. त्याला खरी माहिती द्या म्हणतोय. त्याला तिजोरीतलं काही लागत नाही.

दुष्काळी_केज

माहिती देणारा माणूस फुकट बसतो का टेबलावर? त्याचा पगार तिजोरीतूनच.

वकीलताई

दोन्ही बाजूंनी अर्धवट गोष्टी चालल्यात, म्हणून थोडं लांब लिहिते.

भारताने १९५१ चा निर्वासित करार किंवा १९६७ चा प्रोटोकॉल केलेला नाही. आपल्याकडे आश्रयाचा वेगळा कायदाच नाही. श्रीलंकन तमिळ आणि तिबेटी यांचं केंद्र सरकार स्वतः बघतं. शेजारचे नसलेल्या देशांतले लोक आणि म्यानमारचे लोक दिल्लीतल्या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाकडे नाव नोंदवतात. त्यांना आधी 'अर्ज विचाराधीन' असल्याचा कागद मिळतो. पुढे दुभाष्यासह सविस्तर मुलाखत, मग निर्णय. नकार आला तर अपील करता येतं. या सगळ्याला एक रुपयाही लागत नाही. जो पैसे मागतो तो एजंट.

एजंटचं दुसरं पाप पैशापेक्षा मोठं. तो तयार गोष्ट विकतो. 'असं असं सांग, हमखास होतं.' मुलाखतीत तारखा, गावं, नातेवाईक यांवर पुन्हा पुन्हा प्रश्न येतात. उसनी गोष्ट तिथे उसवते, आणि ज्याची खरी गोष्ट पुरेशी होती तोही पडतो. मदत करायची तर इतकीच करा: त्याची स्वतःची हकिगत तारीखवार लिहून काढायला बसा, जे कागद असतील त्यांच्या प्रती जोडा, आणि आठवत नसेल तिथे 'आठवत नाही' असंच लिहू द्या.

आता घरमालककाकांच्या बाजूने. ते यूएनचं कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे. त्यावर आधार निघत नाही, आधार नाही म्हणून बँक दारात उभं करत नाही, आणि कार्ड दाखवलं की पोलिसांनी मान्य केलंच पाहिजे असा कायदा नाही. गृह मंत्रालयाची २०११ ची कार्यपद्धती आहे, २०१९ मध्ये सुधारलेली. त्यात निर्वासित असल्याचा दावा तपासून दीर्घ मुदतीच्या व्हिसाची शिफारस होऊ शकते. होऊ शकते, झालीच पाहिजे असं नाही. दुसऱ्या देशात जायची सोय झाली तरी निघताना एक्झिट परमिट लागतं. तिथे ओव्हरस्टेचा, म्हणजे व्हिसा संपूनही राहिल्याचा हिशेब पुढे येतोच.

आणि न्यायालयं. १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, राज्यघटनेचं अनुच्छेद २१ (जगण्याचा हक्क) नागरिकापुरतं नाही, प्रत्येक माणसाला आहे. १९९८ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने इराकी निर्वासितांना जिवाला धोका असलेल्या देशात ढकलू नये म्हटलं. हे भाषणात सगळे सांगतात. एप्रिल २०२१ चं कोणी सांगत नाही. जम्मूच्या रोहिंग्यांच्या प्रकरणात त्याच सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की देशातून बाहेर न घालवलं जाण्याचा हक्क अनुच्छेद १९ मधल्या वास्तव्याच्या हक्काला जोडलेला आहे, आणि तो फक्त नागरिकांचा.

एन५_घरमालक

म्हणजे ताई, तुम्हीच माझी केस लढलात. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयातून 'भारत ही धर्मशाळा नाही' असंही आलं होतं.

वकीलताई

एका श्रीलंकन तमिळाच्या याचिकेवर तोंडी शेरा होता तो. फेटाळली याचिका, खरंय. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या रोहिंग्या मुलांना सरकारी शाळांकडे प्रवेश मागायला त्याच न्यायालयाने वाट दिली. शिक्षण हक्क कायद्यात ६ ते १४ वयाचं 'प्रत्येक बालक' आहे, नागरिकत्वाचा रकाना नाही. कायदा दोन्हीकडे ओढतो, म्हणूनच माहितगार माणूस लागतो.

निवृत्त_फौजदार

नोकरीत परकीय नागरिकांची नोंद ठेवायचं काम केलंय. येमेनी विद्यार्थ्याबद्दल मला आकस नाही. स्वतः येऊन रांगेत उभा राहणारा माणूस पोलिसांना कधी जड जात नाही. जड जातो तो 'मदत करणारा'.

२०२५ मध्ये आपल्या राज्यात उशिराच्या जन्म नोंदींवरून काय झालं आठवा. मालेगावला विशेष पथक बसलं, तहसीलमधून दिलेले दाखले रद्द करायची पाळी आली, आणि त्यात खरे गरीबही भरडले. ज्यांची बाळंतपणं घरी झाली, नोंद करायची कुणाला सुचलं नाही, अशी इथलीच माणसं. फॉर्म भरून देण्यापासून सुरुवात होते, मग 'पत्ता माझा टाका', मग 'आधार अपडेटमध्ये बघू'. झेरॉक्सच्या दुकानात ही रेषा कोण आखणार? टेबल हवंच असेल तर पोलिस आयुक्तालयातच मांडा.

गेटवरचा_झेरॉक्सवाला

सर, रेषा मी आखतो. पत्ता माझा देत नाही, मूळ कागद ठेवून घेत नाही, ओटीपी त्याच्याच मोबाईलवर. पण आयुक्तालयात टेबल मांडलंत तर व्हिसा संपलेला पोरगा तिथे येईल का? तुम्हीच सांगा.

निवृत्त_फौजदार

नाही येणार. तरीही तिथेच हवं.

उमरगा_ते_पुणे

रझाकारांच्या काळात आमचे पणजोबा बैलगाडीत बिऱ्हाड घालून सोलापूरकडे निघाले होते. निजामाची हद्द ओलांडली तेव्हा हैदराबाद संस्थान भारतात नव्हतं. म्हणजे मराठवाड्यातली हजारो माणसं एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आश्रय मागायला गेली होती. कुणी सी फॉर्म मागितला नाही. १७ सप्टेंबरला झेंडावंदन करताना हे आठवायला काय हरकत आहे?

निवृत्त_फौजदार

हद्दीपलीकडेही मराठीच बोलत होते, नातेवाईक होते. आणि संस्थान भारतात यावं म्हणूनच तर लढा होता. सुदानशी तुलना ओढूनताणून आहे.

उमरगा_ते_पुणे

नातेवाईक सगळ्यांचे नव्हते. आणि १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर उलट्या बाजूनेही लोक जीव मुठीत धरून पळाले, ते आमच्याच तालुक्यातले शेजारी होते. त्यांच्यासाठी कुणी रडलं नाही. भाषेचं काय घेऊन बसलात, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळच्या वळीवड्याच्या कॅम्पात ५ हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहून गेले. त्यांना कुठे मराठी येत होतं?

खवचट_पैठणी

आता पुढचा प्रतिसाद 'हे शहर वसवणारा मलिक अंबरच हबशी होता' असा येणार. म्हणून आधीच टाकून ठेवतो. पुढे चला.

नांदेडकर

आमच्याकडे गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये कोण कुठला ते विचारत नाहीत. पंगतीत बसा, जेवा, निघा. पण हेही खरं की लंगरमधून कुणाला सिमकार्ड मिळत नाही. भुकेपुरती माणुसकी आपल्याला जमते. कागद आला की सगळे घड्याळ बघतात.

आणि एक, दिल्लीला मुलाखतीला जायचं म्हणजे सचखंड एक्स्प्रेसचं तिकीट काढायचं. प्रवासात ओळखपत्र मागतात. पासपोर्ट संपलाय तो काय दाखवणार? हे टेबलवाल्यांनी आधी सोडवावं. बाकी तत्त्वं नंतर.

वकीलताई

बरोबर मुद्दा. निघण्याआधी उच्चायुक्तालयाच्या कार्यालयाशी फोन किंवा ईमेलने बोलून तारीख घ्यावी, ते पत्र आणि संपलेला पासपोर्ट दोन्ही जवळ ठेवावं. संपलेला पासपोर्टही ओळखीचा पुरावा म्हणून कामी येतो, तो कधीही फेकू नये. किती तरी जण 'आता काय उपयोग' म्हणून हरवतात.

एन५_घरमालक

एक साधा प्रश्न. भाडेकरूचा व्हिसा मधेच संपला, हातात फक्त तो विचाराधीन असल्याचा कागद. मी काय करायचं? हाकलायचं, की गप्प बसायचं?

वकीलताई

दोन्ही नाही. आहे ते जसंच्या तसं परदेशी नोंदणी कार्यालयाला लेखी कळवायचं: नाव, पासपोर्ट क्रमांक, व्हिसा अमुक तारखेला संपला, अमुक ठिकाणी अर्ज केलाय, सोबत प्रत. पोच घ्यायची. लपवलं तर तुम्ही अडकता, कळवलं तर तुमचं कर्तव्य झालं.

दुष्काळी_केज

आन् कळवल्यावर त्याला उचललं तर? कळवणारा मोकळा, ते लेकरू आत.

वकीलताई

होऊ शकतं. खोटं आश्वासन देणार नाही. पण कोठडीतल्या माणसाला विधी सेवा कायद्याच्या कलम १२ खाली मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, आणि तिथेही 'प्रत्येक व्यक्ती' असाच शब्द आहे. तो वकील पहिल्या दिवशी पोचला तर अर्जाचा कागद न्यायाधीशांसमोर येतो. पोचला नाही तर माणूस फक्त 'अवैध परदेशी' म्हणून नोंदला जातो. माझ्या मते टेबल हवं ते यासाठी. बाय द वे केजचे दादा, तुमच्या टोळीतली मुकादमाने अडवून ठेवलेली माणसंही याच कलमात बसतात, वेठबिगारीचे बळी म्हणून.

दुष्काळी_केज

ते कलम आमच्या मुकादमाला वाचून दाखवा एकदा. माझं म्हणणं तेच आहे, आधी कोयतेवाल्यांचं टेबल, मग बाकीच्यांचं. दोन्ही एकदम होणार असतील तर मी आडवा येत नाही.

एन५_घरमालक

लेखी कळवायचं आणि पोच घ्यायची, हे पटलं. आहे त्या भाडेकरूंपुरतं करीन. पण नवीन पोरगा खोली बघायला आला की आधी पासपोर्टची तारीख बघणार, आणि सहा महिन्यांच्या आत संपत असेल तर खोली दिली जाणार नाही. यावर तुम्ही काहीही म्हणा.