सोलापूरला बाबांचा अपघात: विमावाले जुनी सगळी फाइल मागताहेत, अंगठा द्यायचा का?

नमस्कार मंडळी,

मागच्या महिन्यात विजापूर रोडवर एका कारनं बाबांच्या स्कूटीला मागून धडक दिली. उजवं मनगट मोडलं, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, नऊ दिवस एका खासगी हॉस्पिटलात होते. बाबा ६४ वर्षांचे आहेत. बाळीवेशीत छोटं दुकान आहे, रोज स्वतः गल्ल्यावर बसायचे. मी इकडे दूर, तिथे आई एकटी. चुलतभाऊ मोहोळहून ये-जा करतोय.

काल घरी एक माणूस आला. "विम्याच्या ऑफिसातून आलोय" एवढंच म्हणाला. बाबांचे पाच वर्षांचे सगळे रिपोर्ट, शुगरची फाइल आणि फॅमिली डॉक्टरांचं नाव मागितलं. वर एक छापील कागद पुढे केला. त्यात हॉस्पिटलच्या नावाची आणि तारखेची जागा कोरी होती. बाबांचा उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा द्या म्हणाला, स्टॅम्प पॅडसुद्धा खिशातून काढलं. आईनं "मुलीला विचारून सांगते" म्हणत त्याला चहा देऊन परत पाठवलं. आज त्याचा पुन्हा फोन आला: कागद दिला नाही तर क्लेम बंद होईल. मला रात्रभर झोप नाही. कुणी यातून गेलं असेल तर कृपया लगेच लिहा.

---

बाळ,

आधी आईला सांग, की तिनं अगदी बरोबर केलं. ठसा द्यायचा नाही. फोनवर हो-नाही काहीच बोलायचं नाही, "जे हवं ते लेखी पाठवा" एवढंच सांगायचं.

मी तुमच्या मराठी मंडळात तेरा वर्षं होते, आता होटगी रोडला परत आले आहे. यजमानांचा पुणे रस्त्यावर मोहोळच्या अलीकडे अपघात झाला तेव्हा आम्ही घाबरून असाच एक कागद सही करून दिला होता. पुढे न्यायालयात समोरच्या वकिलानं त्यांच्या सात वर्षांपूर्वीच्या गुडघेदुखीची चिठ्ठी काढली आणि "हे दुखणं जुनंच आहे" म्हणून उभा राहिला. ती चिठ्ठी आम्हीच दिलेल्या सहीवर त्यांच्या हातात गेली होती. हे तुमच्या बाबतीत होऊ नये म्हणून एवढं लांब लिहितेय.

तो माणूस कुणाकडून आला होता, ते पहिल्यांदा कळायला हवं. बाबांची स्वतःची मेडिक्लेम पॉलिसी असेल आणि तो त्या कंपनीचा किंवा तिच्या टीपीएचा (कंपनीच्या वतीनं दावे हाताळणाऱ्या संस्थेचा) असेल, तर या उपचाराचे कागद बघायचा त्यांना हक्क आहे. तिथे काही लपवू नका. पॉलिसी घेताना शुगर लिहिली होती की नाही हेही ते बघणारच. पॉलिसी सलग ६० महिने चालू असेल, तर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय जुनी माहिती दिली नाही या कारणावर दावा नाकारता येत नाही. आणि २०२४ च्या आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) परिपत्रकाप्रमाणे आरोग्य विम्याच्या दाव्याची कागदपत्रं कंपनीनं किंवा टीपीएनं हॉस्पिटलकडून घ्यायची आहेत. पेशंटच्या घरी येऊन कोरा कागद पुढे करायची गरजच नाही.

पण तो धडक देणाऱ्या कारच्या विमा कंपनीचा असेल, तर गोष्ट वेगळी. ती कंपनी तुमच्या विरुद्ध बाजूला आहे. तिला घरी बसून काहीही द्यायला तुम्ही बांधील नाही. नुकसानभरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात होतो आणि कागद तिथे वकिलामार्फत दाखल होतात. तुम्ही सोलापुरात राहता, म्हणजे अर्ज सोलापूरच्याच जिल्हा न्यायालयात करता येतो. मुदतीकडे मात्र लक्ष ठेवा: अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करायला हवा, २०१९ च्या दुरुस्तीनं ही मुदत परत आली आहे. दिवाळीनंतर बघू, असं करू नका.

हॉस्पिटलचे कागद आत्ताच काढून ठेवा. डिस्चार्ज कार्डावर थांबू नका. ॲडमिट असतानाचे सगळे केसपेपर, कॅज्युअल्टीची पहिली नोंद, एमएलसी (पोलिसांना कळवलेल्या केसचा) क्रमांक, ऑपरेशनची नोंद, एक्स-रेच्या फिल्म, सगळ्यांच्या शिक्का मारलेल्या प्रती मागा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत आंतररुग्णाचे कागद तीन वर्षं जपायचे आणि मागणी आल्यावर ७२ तासांत द्यायचे, असं स्पष्ट आहे. अर्ज दोन प्रतींत करा आणि एकीवर आवक शिक्का घ्या. मी शिक्का घेतला नव्हता, म्हणून चार खेपा वाया गेल्या.

तुला यायची गरज नाही. बाबा शुद्धीत आहेत, म्हणून अधिकार त्यांचाच. ते पुतण्याला अधिकारपत्र देतील. सही जमत नसेल तर डावा अंगठा आणि खाली दोन साक्षीदार. पण त्या कागदावर हॉस्पिटलचं नाव, तारखा आणि "फक्त या अपघाताच्या उपचाराचे कागद" एवढं आधी लिहिलेलं असू दे. ठसा त्यानंतर.

मूळ बिलं एकदा गेली की परत मिळत नाहीत. देण्याआधी दोन्ही बाजूंचं स्कॅन करून तुझ्याकडे ठेव.

— होटगी रोडची काकू

---

काकू, तुमचं पत्र आईला फोनवर वाचून दाखवलं. ती रडली आणि मग जेवली.

दादानं (चुलतभावानं) त्या माणसाकडून ओळखपत्राचा फोटो मागवला. तो कारच्या विमा कंपनीनं नेमलेला तपासणीस निघाला. मेडिक्लेमची कंपनी वेगळी आहे, तिथलं बिल अजून जायचंय.

आता दुसरी काळजी. डिस्चार्ज कार्डावर इतिहासाच्या रकान्यात लिहिलंय: "के/सी/ओ डीएम, १० वर्षे", म्हणजे दहा वर्षांपासून मधुमेह. बाबांना शुगर निघाली ती दोन वर्षांपूर्वी! पॉलिसी चार वर्षांची आहे. हे कुणी लिहिलं, कळत नाही.

---

बाळ, हे आज दिसलं हे फार बरं झालं. ॲडमिट करताना रात्री धांदल असते. कुणीतरी विचारतं, कुणीतरी अंदाजानं सांगतं, आणि तो अंदाज टाइप होतो. चार वर्षांच्या पॉलिसीत "१० वर्षे" म्हणजे पॉलिसीच्या आधीचा आजार लपवला, असा सरळ अर्थ काढला जातो. तुमचे ६० महिनेही अजून भरलेले नाहीत. बिल पाठवण्याआधी हे सुधारून घ्या.

शुगरची पहिली तपासणी आणि गोळीची पहिली चिठ्ठी शोधा, तारखेसकट. ती घेऊन ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना भेटा आणि लेटरहेडवर दुरुस्तीचं पत्र मागा: नोंद चुकीची, मधुमेहाचं निदान अमुक तारखेला. कार्डावर व्हाइटनर लावून खाडाखोड करू देऊ नका, त्यानं संशयच वाढतो. मूळ कार्ड आहे तसं राहू दे, सोबत पत्र जोडा. कॅज्युअल्टीच्या पानावर तेच लिहिलंय का, तेही बघा.

एवढं करूनही मेडिक्लेम कंपनीनं नाकारलं तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करा. महिन्याभरात समाधान झालं नाही तर पुण्याचं विमा लोकपाल कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही. कारच्या कंपनीचं प्रकरण मात्र तिथे चालत नाही, ते न्यायाधिकरणातच.

आणि बाबांचा गुडघा. बरा झाल्यावर किती वाकतो, दुकानात किती वेळ बसवतं, हे आत्तापासून आईला वहीत लिहायला सांग. अपंगत्वाच्या टक्क्यांचा दाखला पुढे मिळेल, पण सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये राज कुमार विरुद्ध अजय कुमार प्रकरणात सांगितलंय, की नुसती टक्केवारी बघायची नाही, कमाईवर काय परिणाम झाला ते बघायचं.

---

काकू, चिठ्ठी सापडली. देवघराच्या खणात, लाइट बिलांच्या गठ्ठ्यात होती, तारीख स्वच्छ वाचता येते. दादा सोमवारी डॉक्टरांकडे जातोय, अर्जाच्या दोन्ही प्रती तयार आहेत. आईनं वहीत पहिली ओळ लिहिली: "आज वॉकर घेऊन दारापर्यंत. पायरी उतरता आली नाही."