पॅरोलवरून उशिरा परतलेल्या कैद्यावर कोर्टात खटला हवाच का?

तालुका_वकील
विधी सेवेची (ज्यांना वकील परवडत नाही त्यांना मोफत वकील देण्याची) कामं घेतो, त्यातून हा प्रश्न. पॅरोल किंवा फर्लो (शिक्षा चालू असताना मिळणारी ठराविक दिवसांची सुट्टी) संपूनही कैदी वेळेत परतला नाही, तर त्याच्यावर दोन कारवाया होतात. आत अधीक्षक त्याची माफी, म्हणजे शिक्षेत मिळालेली सूट, कापतात. बाहेर, त्याच दिवसांसाठी, तुरुंगाकडून पोलीस ठाण्यात फिर्याद जाते: भादंवि २२४, आता न्याय संहितेचं कलम २६२, म्हणजे कायदेशीर कोठडीतून पळणं. दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

ही समन्स केस, म्हणजे कमी शिक्षेच्या गुन्ह्याची साध्या पद्धतीने चालणारी केस. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी गुन्ह्याचा तपशील वाचून दाखवतात आणि विचारतात, "कबूल आहे का?" कैदी व्हीसीच्या (व्हिडिओ कॉन्फरन्सच्या) पडद्यावर उभा असतो, बहुतेकदा वकिलाशी बोलणंही झालेलं नसतं. त्याला तारखा नको असतात. तो "कबूल" म्हणतो, थोडी कैद नाहीतर दंड होतो आणि प्रकरण निकाली निघतं. पण ती कबुली त्याच्या फाइलला कायमची चिकटते. १९५९च्या फर्लो-पॅरोल नियमांतला नियम ४ पळालेल्यांना आणि वेळेवर हजर न झालेल्यांना फर्लोसाठी अपात्र ठरवतो. पुढच्या प्रत्येक अर्जावर शेरा ठरलेला.

माझं मत स्पष्ट आहे. जो स्वतःहून गेटवर आला, त्याच्यावर खटला नको. २२४ला पळण्याचा हेतू लागतो. पळणारा माणूस परत येऊन आपलं नाव सांगत नाही.

निवृत्त_तुरुंगाधिकारी
वकीलसाहेब, पूर्ण असहमत. कोविडचा काळ आठवा. ८ मे २०२० रोजी त्याच नियमांतला नियम १९ बदलून आपत्कालीन पॅरोल दिला. आधी ४५ दिवस, मग ३०-३० दिवसांची वाढ. २०२२ मध्ये परत बोलावलं तेव्हा किती जण आले नाहीत, ते त्या काळात काम केलेल्यांना विचारा. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि मार्च २०२३ मध्ये १५ दिवसांत हजर व्हा असा आदेश निघाला. फिर्यादीची भीती नसती तर काय झालं असतं?

आणि याची किंमत बाकीचे कैदी मोजतात. एक जण परतलाच नाही की त्याच गावच्या दुसऱ्याच्या अर्जावर पोलीस प्रतिकूल अहवाल देतात. फिर्यादी पक्षाचं कुटुंब त्याच गावात राहतं, त्यांचाही विचार करा.

दुहेरी शिक्षेचा मुद्दा तुम्ही काढालच, म्हणून आधीच सांगतो. मकबूल हुसेन खटल्यात १९५३ सालीच ठरलं आहे की खात्याने केलेली कारवाई म्हणजे कोर्टाची शिक्षा नव्हे. त्या माणसाने सांताक्रूझ विमानतळावर आणलेलं सोनं कस्टमने जप्त केलं, तरी पुढे खटला चालू शकला.

तालुका_वकील
निकाल मान्य. पण १८९४च्या तुरुंग कायद्याचं कलम ५२ बघा. गंभीर तुरुंग-गुन्हा असेल तर अधीक्षक कैद्याला दंडाधिकाऱ्याकडे पाठवू शकतो असं ते सांगतं आणि एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा नको असंही म्हणतं. ज्यांनी इंग्रजांच्या काळात हा कायदा केला, त्यांनाही एवढं कळत होतं.

भाऊ_आत_आहे
वकीलसाहेब, तुम्ही आमच्या बाजूने बोलताय, तरी मला तुमचं म्हणणं पटत नाही. आईचं डायलिसिस सुरू होतं. मुदतवाढीचा अर्ज विभागीय आयुक्तांकडे दिला, उत्तरच आलं नाही. भाऊ पंधरवड्याने परतला. आत त्याच्याकडून दोन ओळींचा खुलासा घेतला आणि माफी कापली. कुणी कागद पाहिला नाही.

कागद पाहिले ते कोर्टाने. विधी सेवेच्या वकीलताईंनी दवाखान्याची फाइल लावली, तुरुंगाच्या साक्षीदाराला मुदतवाढीच्या अर्जाबद्दल विचारलं, आणि भाऊ निर्दोष सुटला. तो निकाल जोडून माफी परत मिळावी म्हणून आता अर्ज केलाय. खटलाच नसता तर आमचं ऐकायला कोण बसलं होतं? सगळं आतल्या आत मिटवा म्हणणं सोपं आहे. आत काय होतं ते आम्ही भोगतोय.

कोर्ट_लिपिक
ताई, तुमच्याकडे कागद होते आणि वकील चांगल्या मिळाल्या. माझ्या टेबलावरून जाणाऱ्या फायलींत हे दोन्ही क्वचित दिसतं. पोलीस गार्ड नाही म्हणून कैदी आणत नाहीत, व्हीसीला आवाज येत नाही, तारीख पुढे जाते.

एक गोष्ट नातेवाइकांनी लक्षात ठेवा. २२४ जामीनपात्र आहे, पण माणूस आतच असल्याने जामीन कुणी घेत नाही. मग मुख्य शिक्षा संपते, सुटकेचा दिवस येतो, आणि या प्रकरणामुळे तो अडकतो. वेळेत अर्ज करून जातमुचलका (हजर राहण्याचं स्वतःचं हमीपत्र) द्या. शिक्षा झालीच तर ती आधीच्या शिक्षेसोबत भोगायची असं निकालात लिहून घ्या. तसं लिहिलं नाही, तर एरवी नवी शिक्षा जुनी संपल्यावर सुरू होते. फक्त जन्मठेपेच्या कैद्याला कायद्यानेच दोन्ही सोबत भोगता येतात.

तालुका_वकील
ताईंचं ऐकून माझी मागणी बदलतो. खटला राहू दे. पण फिर्यादीसोबत मुदतवाढीचा अर्ज आणि त्यावरचा निर्णय जोडलेला असावा. अर्जावर निर्णयच झाला नसेल तर पोलिसांनी आधी तो मागवावा. आणि कैदी वकिलाला भेटल्याशिवाय त्याची कबुली कोर्टाने नोंदवू नये.

निवृत्त_तुरुंगाधिकारी
यातलं सगळं मान्य. माझा विरोध एवढ्यालाच होता की कुणावर फिर्याद द्यायची आणि कुणाला सोडायचं हे अधीक्षकावर सोडू नका. जिथे अशी निवड हातात येते तिथे पैसे खेळायला लागतात. नियम सगळ्यांना सारखा हवा. ज्याचं कारण खरं आहे त्याला कोर्ट सोडेल.

भाऊ_आत_आहे
पण साहेब, अर्जाची पोचच देत नाहीत. फिर्यादीला जोडणार काय?

कोर्ट_लिपिक
ताई, अर्ज नुसता हातात देऊन येऊ नका. एक प्रत आयुक्तालयाला, एक तुरुंगाला, दोन्ही रजिस्टर पोस्टाने, मुदत संपायच्या आत. तिसरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात द्या, तिथे आवक क्रमांक मागून घ्या. पोस्टाच्या पावत्या जपून ठेवा आणि वकिलाला पहिल्याच तारखेला द्या.