कस्तुरबा खरंच 'निमूट' होत्या का?

ओसरीवरची:
रविवारी लेकीला घेऊन पुण्यात आगाखान पॅलेसला गेले होते. समाधीपाशी एक काका नातवाला सांगत होते, ही बा, गांधीजींची बायको, बिचारीनं आयुष्यभर निमूट सोसलं. ते 'निमूट' ऐकून डोकंच फिरलं. १९०१ ला आफ्रिका सोडताना लोकांनी दिलेला सोन्याचा हार ट्रस्टला द्यायचा ठरल्यावर हीच बाई नवऱ्याशी कडाकडा भांडली होती, तुमची सेवा ती माझीपण सेवाच ना, मी काय कमी राबले का तुमच्यासाठी, असं तोंडावर विचारलंन. एवढं बोलायला आजही किती जणींना जमतं?

तिरका_बाण:
भांडली, पण हार गेलाच ना? आणि डर्बनचं विसरलात का, पंचम (म्हणजे अस्पृश्य मानलेल्या) जातीतल्या आईबापांच्या ख्रिश्चन कारकुनाचं लघवीचं भांडं उचलायला लागलं म्हणून रडली. १९३८ ला पुरीच्या देवळात हरिजनांना बंदी असताना ही आत जाऊन दर्शन घेऊन आली, गांधींचं बीपी वाढलं त्यापायी. जुन्या वळणाची बाई होती, उगाच बंडखोर बनवू नका.

नगरी मिसळ:
@बाण, डर्बनचं अर्धंच सांगितलंत. नवऱ्यानं हाताला धरून फरफटत फाटकापर्यंत नेलं, तेव्हा तिनेच सुनावलं की जरा लाज बाळगा, परक्या मुलखात मी जाऊ कुठे. जुन्या वळणाची होती हे मान्य, पण म्हणून काय मुकी होती का? १९१३ ला, पुन्हा आफ्रिकेत असताना, तिकडच्या कोर्टानं ख्रिश्चन पद्धतीनं न लागलेली लग्नं बेकायदा ठरवली तेव्हा सत्याग्रहात उतरून तीन महिने सक्तमजुरी भोगून आली. ४२ ला गांधीजींना पकडल्यावर शिवाजी पार्कच्या सभेत मी बोलेन म्हणाली, तर बोलायच्या आधीच अटक.

रिकामटेकडा:
तुमचं चालू द्या, पण एक सांगा, हे सगळं आपल्याला कळलं कुणाकडून? हार, फाटक, सगळं नवऱ्याच्याच आत्मकथेत. तिला लिहिता जेमतेम यायचं. १९२९ ला तर कहर, कुणीतरी दिलेले चार रुपये तिने आश्रमात जमा केले नाहीत म्हणून यांनी जाहीर लेख लिहून सगळ्या देशाला सांगितलं!! चार रुपये हो. आमच्या घरी गव्हाच्या डब्यात त्याहून जास्त सापडतील. तिची बाजू कुठाय?

तिरका_बाण:
स्वतःची लाज स्वतः छापणारा दुसरा नेता दाखवा. बाकीच्यांच्या बायका फक्त फोटोत.

रिकामटेकडा:
स्वतःची लाज छापा की, बायकोची कशाला?

ओसरीवरची:
@रिकामटेकडा, पॉइंट आहे. पण सगळंच काही नवऱ्याकडून आलेलं नाही. कटनी स्टेशनवर हरिलाल आला तो एक संत्रं घेऊन, ते फक्त आईला दिलं आणि बापाला म्हणाला, तुम्ही एवढे मोठे झालात ते बांमुळे. ही साक्ष तर नवऱ्याची नाही ना?

तिरका_बाण:
हरिलाल बापावर जन्मभर चिडलेला. तो दुसरं काय म्हणणार होता?