सिनाईच्या पायथ्याशी आलिशान हॉटेलं आणि केबल कार: हवीत की नकोत?

वाळूवाट
दक्षिण सिनाईतल्या सेंट कॅथरीन गावात इजिप्त सरकारने मोठं पर्यटनाचं काम काढलंय. अर-राहाच्या मैदानात हॉटेलं आणि व्हिला, जवळच्या लहान विमानतळाचा विस्तार, जबल मूसावर, म्हणजे सिनाई पर्वतावर, जायला केबल कारचाही बेत. माझं मत सरळ आहे, हे थांबायला हवं.

ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान, तिघेही या डोंगराला मानतात. मूसाला (मोशे, मोझेस) इथेच ईश्वराच्या आज्ञा मिळाल्या अशी श्रद्धा. पायथ्याचा मठ सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने बांधवला. आजही तिथे ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती साधू राहतात, आणि मठाच्या तटाच्या आत एक जुनी मशीदही आहे. युनेस्कोने २००२ साली जागतिक वारशाचा दर्जा दिला तो नुसत्या इमारतीला नव्हे, भोवतालच्या उघड्याबोडक्या डोंगरांसकट. त्याच युनेस्कोने २०२३ मध्ये पुढचं बांधकाम थांबवायला सांगितलं. तरी काम चालूच.

अनुराधा_ठाणे
साफ असहमत. मठापासून माथ्यापर्यंत ३,७५० दगडी पायऱ्या आहेत. उंटावरून गेलात तरी शेवटच्या ७५० चढाव्याच लागतात, त्याही पहाटेच्या काळोखात. रायगडाला रोपवे आहे म्हणून माझ्या सासूबाईंना महाराजांच्या समाधीचं दर्शन घडलं. गुडघे गेलेल्या माणसाने सिनाईला जायचंच नाही का?

आणि पोटापाण्याचं काय? २०११ नंतर तिथले पर्यटक आटले. २०१५ मध्ये शर्म अल-शेखहून निघालेलं रशियन विमान सिनाईवर पडलं, २०१७ मध्ये मठाजवळच्या चौकीवर हल्ला झाला. उंटवाल्यांनी खायचं काय? पैसेवाला पाहुणा चार दिवस राहिला तर गावाच्या हाताला काम मिळतं.

निळीशाई
अनुराधाताई, काम कोणाच्या हाताला मिळणार ते बघा ना. तिथले मूळ रहिवासी म्हणजे जबलिया, वाळवंटातल्या बेदुईन अरबांची एक टोळी. मठाच्या रक्षणासाठी जस्टिनियनने आणलेल्या लोकांचे आपण वंशज, असं ते सांगतात. बीबीसीच्या २०२५ च्या बातमीप्रमाणे त्यांचा पर्यटकांसाठीचा तळ पाडला आणि वाहनतळासाठी दफनभूमीतले मृतदेह हलवायला लावले. घरच्यांची कबर उकरून गाड्या लावायच्या, याला विकास म्हणवत नाही माझ्याने.

आज डोंगरावर काय आहे? वाटेत बेदुईनांच्या दगडी टपऱ्या, गोड काळा चहा, थंडीत कुडकुडणाऱ्यांना भाड्याने दिलेली घोंगडी. केबल कार झाली की या टपऱ्यांपुढून माणूसच जाणार नाही. दुसरा रस्ता आहे, आणि तो तिथल्याच लोकांनी काढलाय: २०१५ ची ‘सिनाई ट्रेल’. तीन टोळ्यांनी २२० किलोमीटरची पायवाट सुरू केली, पुढे आठ टोळ्या मिळून ती ५५० किलोमीटर झाली. वाटाड्या त्यांचा, उंट त्यांचे, पैसा त्यांच्याच घरात.

खडूमास्तर
इजिप्तने आपल्या भूमीत काय बांधावं हे बाहेरच्यांनी का सांगावं? मे २०२५ मध्ये कोर्टाने मठाची जमीन सरकारी मालकीची आहे, साधूंना वापराचा हक्क आहे, असा निकाल दिला, तर ग्रीसमध्ये केवढा गहजब! वारशाची एवढी कळकळ असलेल्या युरोपाने आधी सिनाई पोथी परत करावी. चौथ्या शतकातलं ते हस्तलिखित बायबल. १८५९ मध्ये टिशेनडॉर्फ या जर्मन विद्वानाने ते इथून रशियाच्या झारकडे नेलं, १९३३ मध्ये सोव्हिएत सरकारने एक लाख पौंडांना लंडनला विकलं. बहुतेक पानं आजही तिथेच आहेत.

वाळूवाट
खडूमास्तर, पोथीबद्दल शंभर टक्के सहमत. पण एकाने नेलं म्हणून दुसऱ्याने मोडावं, असं कसं? आणि जबलिया काही युरोपातून आलेले तक्रारदार नाहीत, इजिप्तचेच नागरिक आहेत.

कुलाबा_ते_अश्दोद
मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला ज्यू, अलिबागकडचा. धाग्यात एक दुरुस्ती: ज्यू परंपरेत सिनाई नेमका कुठला डोंगर हे ठाम सांगितलेलं नाही. ही जागा मुख्यतः ख्रिस्ती साधूंनी जपली. तरी आम्हाला तिची ओढ आहे. आमच्या घरी शुभकार्याला मलिदा करतात तो एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या नावाने, आणि हा एलिया चाळीस दिवस चालून देवाच्या डोंगरावर, याच सिनाईवर गेला. तिथे वारा सुटला, भूकंप झाला, आग लागली, पण देव त्यात नव्हता. नंतरच्या अगदी बारीक आवाजात होता. तो आवाज ऐकायला जाणाऱ्यांना हॉटेलांच्या दिव्यांची आणि विमानांची गर्दी कशाला? वृद्धांसाठी उंटांची सोय वाढवा, पायऱ्यांना कठडे लावा. माथ्यापर्यंत तारा नकोत.

अनुराधा_ठाणे
दफनभूमीचं वाचून वाईट वाटलं, त्याचं समर्थन कोणी करू नये. पण उंटावरून ७५० पायऱ्या सुटत नाहीत, हा माझा प्रश्न तसाच आहे. आणि पायवाटेवर धडधाकट माणसंच जाणार. हॉटेलं मैदान सोडून गावाच्या खालच्या अंगाला बांधा, मालकीत जबलियांना वाटा द्या, माझी हरकत नाही. केबल कार मात्र हवीच.

निळीशाई
वाटा कागदावर लिहून द्या, तोही पहिली वीट ठेवायच्या आधी. मग बोलू केबल कारचं.