मदत हवी आहे: परिपाठानंतर वर्ग सुरू व्हायलाच पाऊण तास जातोय

कृष्णाकाठची_बाई
नमस्कार. वाळवा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर जूनपासून आहे, पहिलीच नेमणूक. परिपाठ पावणेअकराला संपतो आणि फळ्यावर पहिलं अक्षर उमटतं तेव्हा साडेअकरा वाजलेले असतात. मधल्या वेळात हजेरी, दप्तरं, एकाची पाटी सापडत नाही, दुसऱ्याची पेन्सिल तिसऱ्यानं घेतलेली, कुणाला पाणी हवं. मधल्या सुट्टीनंतर पुन्हा तेच. वेळापत्रक भिंतीवर लावलं, नियम लिहिले, मुलांकडून म्हणूनही घेतले. दिवाळीपर्यंत बरं चाललं होतं, आता पार विस्कटलंय. वर्गाची मांडणी आणि रोजची घडी तुम्ही कशी बसवता ते नेमकं सांगा. ‘प्रेमानं सांगा, ऐकतील’ एवढंच कृपया नको. प्रेम आहेच. सोमवारपासून बदल करायचा आहे.

खडू_आणि_फळा
कितवीचा वर्ग? पट किती? बाकं आहेत की सतरंज्या? यातलं काहीच लिहिलं नाही, मग सांगणार काय?

माणदेशी_मास्तर
बाई, बावीस वर्षं झाली, माण तालुक्यात वस्तीशाळेपासून सुरुवात केली. एकच सांगतो, गटप्रमुख नेमा. पाच-सहा मुलांचा एक गट, प्रत्येकाला एक प्रमुख. पाट्या वाटणं, सतरंजी झटकणं, पाण्याच्या बाटल्या ओळीत लावणं हे सगळं त्याच्याकडं. दर सोमवारी प्रमुख बदलायचा, नाहीतर तो मुकादम होतो. आपण स्वतः पाट्या वाटत बसलो की तासाची माती होते.

कृष्णाकाठची_बाई
पहिली आणि दुसरी. पट २७. सतरंज्या आहेत, बाकं नाहीत. गटप्रमुख केले होते सर. पहिलीची मुलं प्रमुख झाली की रडतात आणि दुसरीची झाली की दमदाटी करतात.

खडू_आणि_फळा
पहिली-दुसरी एकत्र आहे हे आधी सांगायला हवं होतं मॅडम. दोन इयत्तांचा वर्ग एकाच वेळापत्रकावर चालत नाही. तुम्ही भिंतीवर लावलेल्या वेळापत्रकात दोन रकाने आहेत का? एका इयत्तेला तुम्ही शिकवताय तेव्हा उरलेल्या इयत्तेनं काय करायचं, हे त्यात लिहिलेलं असलं पाहिजे. नाहीतर ती उरलेली इयत्ता तुमचं लक्ष वेधून घेण्यातच वेळ घालवते. पेन्सिलीची भांडणं तिथूनच निघतात.

शाहूपुरीकर
मुलांना वर्गात मोबाइल आणू देऊ नका, निम्मं काम तिथंच होतं. माझ्या अकरावीच्या वर्गात मी पहिल्याच दिवशी टोपली ठेवली.

खडू_आणि_फळा
सर, इथं पहिलीची मुलं आहेत.

रंगीत_फरशी
सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटच्या शाळा कुणी पाहिल्या आहेत का इथं? ज्ञानरचनावादाचं, म्हणजे मुलानं स्वतः करून शिकण्याचं, काम बघायला अख्ख्या महाराष्ट्रातून शिक्षक यायचे. मीही गेले होते. फरशीवर अंकांचे, अक्षरांचे तक्ते रंगवलेले. मुलं वर्गात येतात ती थेट त्यावर बसून कामाला लागतात, बाईंची वाट कुणी बघत नाही. मी परत येऊन महिन्याभरात आमची खोली तशी केली. फरशी रंगवा मॅडम, बाकी आपोआप होतं.

माणदेशी_मास्तर
आपोआप काही होत नाही. कुमठ्याचं काम मोठंच आहे, पण ते रंगामुळं झालेलं नाही. मुलांच्या हातात काय द्यायचं याचा विचार त्यामागं होता. आमच्या केंद्रातल्या तीन शाळांनी नुसती फरशी रंगवली. दुसऱ्या पावसाळ्यात ओल येऊन पोपडे निघाले आणि मुलं ते नखानं खरवडत बसायची.

रंगीत_फरशी
तुमच्या फरशीला ओल येते हा पद्धतीचा दोष नाही सर. आणि गटप्रमुख म्हणजे तरी काय, मोठ्यानं लहानावर लक्ष ठेवायचं. दमदाटी होणारच.

माणदेशी_मास्तर
दर आठवड्याला बदलला तर होत नाही. करून बघितलंय म्हणून बोलतोय.

जतचा_पाहुणा
विषय निघालाय म्हणून विचारतो, आंतरजिल्हा बदलीचं पोर्टल कधी सुरू होणार कुणाला माहीत आहे का? सहा वर्षं घरापासून लांब आहे, आई एकटी असते.

पोषण_आणि_परिपाठ
बदलीचा वेगळा धागा आहे, तिथं टाका, लोक सांगतील.
मॅडम, हजेरी घेताना मधेच कुणी येतं का?

कृष्णाकाठची_बाई
हो! स्वयंपाकाच्या मावशी दारात येऊन उभ्या राहतात. आकडा कळल्याशिवाय त्यांना तांदूळ मोजता येत नाही. मग मी शेजारच्या वर्गाचीही मुलं मोजून येते. तेवढ्यात इथं गोंधळ.

पोषण_आणि_परिपाठ
शेजारच्या वर्गाची तुम्ही का मोजता? तिथं शिक्षक नाहीत?

कृष्णाकाठची_बाई
शाळा द्विशिक्षकी आहे. सरांकडं मुख्याध्यापकाचा चार्ज आणि मतदार यादीचं काम. आठवड्यातले दोन दिवस तरी ते बाहेर असतात. तेव्हा तिसरी-चौथीची २५ मुलंही माझ्याकडं.

खडू_आणि_फळा
म्हणजे चार इयत्ता, ५२ मुलं, दोन खोल्या आणि एक बाई. हा प्रश्न आत्ता पूर्ण झाला. वरचे निम्मे सल्ले यात बसत नाहीत, माझाही.

पोषण_आणि_परिपाठ
आधी तांदळाचं मिटवा. पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम, म्हणजे ५२ जणांना पाच किलो दोनशे. मावशींना रोज तोच हिशेब लागतो. आम्ही कापडी कप्प्यांचा तक्ता शिवून दाराजवळ टांगलाय. शेजारी चपलेच्या खोक्यात सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या. मूल आत आलं की स्वतःची चिठ्ठी शोधून कप्प्यात खोचतं. परिपाठाची घंटा होईपर्यंत खोक्यात उरली ती गैरहजर. मावशी स्वतः येऊन कप्पे मोजतात आणि जातात. हजेरीपट आपल्यालाच भरावा लागतो, पण तो तक्त्याकडं बघून दोन मिनिटांत भरतो. पहिलीचं मूल या निमित्तानं रोज स्वतःचं नाव वाचतं. आमच्याकडं एक मुलगा दिवाळीआधी स्वतःचंच नव्हे तर शेजारच्या चौघांची नावं ओळखायला लागला.

रंगीत_फरशी
हे फार छान आहे. मी घेतेय.

गोदाकाठाहून
मला एक विचारायचंय. तुम्ही लिहिलंय, दिवाळीपर्यंत बरं होतं. दिवाळीनंतर काय झालं?

कृष्णाकाठची_बाई
दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या आल्या. कारखान्यालगत कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, पडल्यात. तिथली नऊ मुलं माझ्या वर्गात आहेत, २७ मध्ये धरूनच. ती साडेदहाला येऊ शकत नाहीत. आईबाप पहाटे फडात गेले की पाणी भरणं, धाकट्याला सांभाळणं यांच्यावर. सव्वाअकराला येतात. एक मुलगी कडेवर दीड वर्षाच्या भावाला घेऊन येते. त्याला मांडीवर झोपवते आणि त्याच्या पाठीवरून हात लांब करून पाटीवर लिहिते. तिला उशिराबद्दल मी काय बोलणार? पण ती नऊ जणं आली की बसलेला वर्ग उठतो, सरकासरकी होते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

माणदेशी_मास्तर
बाई, हे पहिल्या ओळीत हवं होतं हो.

वाळवेकर_पालक
मी पालक आहे, शिक्षक नाही. शाळेची वेळ साडेदहा म्हणजे साडेदहा. आमची मुलं वेळेत येतात. त्यांचा वेळ दुसऱ्यांसाठी का जावा? अशा मुलांसाठी त्यांच्या गावी हंगामी वसतिगृहं असतात ना?

गोदाकाठाहून
असतात. मी बीड जिल्ह्यात शिकवतो, हीच मुलं आमच्या पटावरून जातात. पण मुलगी मागं ठेवायला आईबाप तयार होत नाहीत आणि धाकट्याला सांभाळायला कुणीतरी लागतं. आम्ही शिक्षण हमी पत्रक हातात देऊन पाठवतो, मूल कुठपर्यंत शिकलंय ते त्यावर लिहिलेलं असतं. मॅडम, ती पत्रकं मागून घ्या. कोपीत पत्र्याच्या पेटीत ठेवलेली असतात, विचारल्याशिवाय निघत नाहीत. पालकांना एवढंच सांगतो, मार्चमध्ये ही मुलं परत येतात तेव्हा ती सहा महिन्यांचं विसरून येतात की काही शिकून येतात, हे तुमच्या गावच्या शाळेवर असतं.

वाळवेकर_पालक
मुलांना घालवा असं मी म्हणत नाही. माझ्या मुलीचा तास बुडू नये एवढंच म्हणणं आहे, आणि ते चुकीचं नाही.

खडू_आणि_फळा
दोघांचंही बरोबर आहे, म्हणून दिवसाचा क्रम उलटा करा. साडेअकरापर्यंत नवीन काही शिकवूच नका. परिपाठानंतरचा वेळ ठरलेल्या स्वतंत्र कामाला द्या: पाटीवर कालची अक्षरं, चित्रांच्या पुस्तकांची पेटी, मण्यांची माळ घेऊन मोजणी. काम आदल्या संध्याकाळी फळ्यावर चित्रानं काढून जा, म्हणजे विचारायला कुणी येणार नाही. नवा पाठ साडेअकराला. वेळेत आलेल्यांचा सराव झालेला असेल, उशिरा आलेल्यांचा पाठ चुकणार नाही. आणि नऊ जणांची सतरंजी दाराशेजारीच आधी अंथरून ठेवा. सगळी खोली ओलांडून आत यावं लागतं म्हणून वर्ग उठतो.

माणदेशी_मास्तर
पटलं. फक्त पाट्या दारालगत खालच्या फळीवर ठेवा, कपाटात नकोत. कपाटाची किल्ली आपल्याकडं असली की सगळी मुलं आपल्याकडं येतात.

कृष्णाकाठची_बाई (दहा दिवसांनी)
सांगायचं राहिलं होतं, रागावू नका. चिठ्ठ्यांचा तक्ता केला, जुन्या ओढणीचा. मावशींना वाचता येत नाही, पण कप्पे मोजता येतात. त्या आता दारात थांबत नाहीत. सकाळचं काम फळ्यावर चित्रात असतं. पहिले चार दिवस निम्मी मुलं विचारायला आलीच, पाचव्या दिवशी तिघं. काल पावणेअकरा ते सव्वाअकरा मी हजेरीपट भरून शेजारच्या वर्गात जाऊन आले, तरी इथली मुलं जागेवर होती. नऊपैकी सहा जणांची पत्रकं मिळाली. दोघं दुसरीतले आहेत आणि मी त्यांना पहिलीचंच देत होते.
मधल्या सुट्टीनंतरचं अजून जमलेलं नाही. जेवणानंतर ताटं धुवायला एकच नळ आहे, ५२ मुलं ओळीत उभी राहतात.

पोषण_आणि_परिपाठ
नळाला हात लावू नका. दोन घमेली घ्या, एकात खरकटं काढायचं, दुसऱ्यात विसळायचं, नळावर फक्त शेवटचं पाणी. लहानांना आधी जेवायला बसवा म्हणजे ओळ तुटते. घमेली झाकून ठेवा, आमच्याकडं शेळ्या येतात.

कृष्णाकाठची_बाई
आमच्याकडंही येतात. घमेली उद्याच मागवते. त्या मुलीच्या भावासाठी वर्गात साडीची झोळी बांधली तर चालेल का? खोलीला तुळई आहे. तिचे दोन्ही हात मोकळे राहतील.

गोदाकाठाहून
बांधा. फक्त तिच्या नजरेसमोर राहील अशी बांधा, नाहीतर ती सारखी मागं वळून बघत राहील.