बोटं सुजलीत, आरए फॅक्टर निगेटिव्ह. हाडांचे डॉक्टर की रुमॅटॉलॉजिस्ट?

अबोली_४१
सात आठवडे झाले, दोन्ही हातांची बोटं मुळाशी सुजतायत. सकाळी तास-दीड तास मूठ वळत नाही, दात घासायचा ब्रशही धरवत नाही. फॅमिली डॉक्टरांनी वेदनाशामक दिलं. आरए फॅक्टर, म्हणजे रुमॅटॉइडची (आमवाताची) रक्ततपासणी, निगेटिव्ह आला, तेव्हा म्हणाले, "आमवात नाही, तीन महिने थांबू." रुमॅटॉलॉजिस्टची, म्हणजे सांधेवाताच्या तज्ज्ञांची, वेळ अडीच महिन्यांनी आहे, हाडांच्या डॉक्टरांची परवाच. मला महिन्यात एकच रजा मिळते आणि तपासण्यांवर फार खर्च झेपणार नाही. एकाच खेपेत काम व्हायला हवं. कोणाकडे जाऊ?

गुडघेवाले_काका
हाडांचे डॉक्टर! माझे दोन्ही गुडघे बदलले, आता जिने धडाधड चढतो. जाण्याआधी दोन्ही हातांचा एमआरआय, बोन डेन्सिटी, व्हिटॅमिन डी, सगळं एकदम उरकून टाका.

निशिगंध
काका, खर्चाचं वाचलंत का? आणि तुमची झीज होती. झिजेत सकाळचा आखडलेपणा बहुधा अर्ध्या तासात सुटतो, यांना दीड तास लागतोय.
अबोली, माझाही आरए फॅक्टर निगेटिव्हच होता. त्या एका कागदावर विसंबून मी वर्ष घालवलं. पुढे अँटी-सीसीपी ही आमवाताचीच दुसरी रक्ततपासणी पॉझिटिव्ह निघाली, पण तोवर दोन बोटं वाकडी झाली होती, ती तशीच राहिली. डॉक्टर बदला, आजच.

चौकस
+१, डॉक्टर बदला. आरए फॅक्टर निगेटिव्ह असूनही आमवात असू शकतो आणि धडधाकट माणसाचाही पॉझिटिव्ह येऊ शकतो. सुरुवातीला एक्स-रेही स्वच्छ दिसू शकतो.

फटकळ
आधी शब्द नीट वापरा. आयुर्वेदातला 'आम' म्हणजे न पचलेलं. रुमॅटॉइडला सरसकट आमवात कोण म्हणायला लागलं?

चौकस
सगळेच म्हणतात. दुसरा शब्द सुचवा, नाहीतर वेगळा धागा काढा.

केसपेपर
बारा वर्षं दवाखान्यात तज्ज्ञांकडे पाठवलेल्या रुग्णांच्या चिठ्ठ्या लावतेय, म्हणून लिहिते. "सांधेदुखी, कृपया पाहावे" अशी चिठ्ठी गठ्ठ्यात तळाला जाते. किती आठवडे, कोणते सांधे, सूज डॉक्टरांनी स्वतः दाबून पाहिली का, सकाळी किती मिनिटं आखडतं, ईएसआर-सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) किती, घरात कुणाला सोरायसिस आहे का, एवढं असेल तर वाचणारा थांबतो. सुजलेल्या बोटांचे फोटो सकाळीच काढून ठेवा, दुपारी सूज ओसरलेली असते.
युरोपातल्या तज्ज्ञ संघटनेच्या, युलारच्या शिफारशीत लक्षणं सुरू झाल्यापासून ६ आठवड्यांत रुमॅटॉलॉजिस्टने पाहावं आणि सांधे टिकवणारं औषध ३ महिन्यांत सुरू व्हावं असं आहे. ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना काढणाऱ्या नाइस या संस्थेच्या सूचनेत तर रक्त तपासणी चांगली आली तरी पाठवा म्हटलंय. तुमचे सहा आठवडे उलटून गेलेत.
तोवर कुणी स्टेरॉइडची गोळी देऊ केली तर तज्ज्ञांना विचारल्याशिवाय नको. सूज उतरते आणि त्यांना बघायला काही उरत नाही. एखादाच सांधा अचानक लाल, गरम झाला आणि ताप आला तर मात्र वेळ-बिळ न बघता त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

मिरपूड
आणि आमवातावरचं मेथोट्रेक्झेट दिलं तर आठवड्यातून एकदाच हां! मी चिठ्ठी न वाचता रोज घेतली. तोंडात जखमा, पांढऱ्या पेशी घसरल्या, भरती व्हावं लागलं. नाव ऐकलं तरी काटा येतो, पण आता तेच घेतेय, आठवड्याला, आणि बटणं स्वतः लावतेय.

निशिगंध
आरए फॅक्टरवर जाऊ नका, परत सांगते.

अबोली_४१
सगळ्यांचे आभार. परवाची वेळ रद्द केली. पण डॉक्टर बदलणार नाही. वीस वर्षं आमचं घर त्यांनीच पाहिलंय. रजाही न घेता संध्याकाळी फोटो घेऊन जाते, त्यांच्याकडूनच केसपेपरताई म्हणतात तशी चिठ्ठी लिहून घेते आणि रुमॅटॉलॉजिस्टना त्यांनीच फोन करावा म्हणून अडून बसते. अडीच महिन्यांनंतरची वेळ तोवर हातात ठेवतेय.

निशिगंध
मला पटलेलं नाही. फोटो मात्र न्याच.

गुडघेवाले_काका
ती परवाची वेळ कुणी घेतली का? माझा खांदा धरलाय.