डायनॅमिक सीएसएस क्लास: प्लगिनने जोडावेत की थीममधून?

शाहूपुरीकर:
आपल्या कोल्हापुरातील चपला, गूळ आणि चांदीच्या दुकानांच्या वर्डप्रेस या प्रणालीवर चालणाऱ्या छोट्या संकेतस्थळांवरही, पानागणिक बदलणारे सीएसएस क्लास (ज्या नावांवरून पानाला रंगरूपाचे नियम लागू होतात ती नावे) जोडण्यासाठी स्वतंत्र प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचा पूरक प्रोग्रॅम) बसवलेला दिसतो, आणि तो मला अनावश्यक वाटतो. ‘बॉडी क्लास’ हे फंक्शन २००९ च्या २.८ आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्येच आहे. मुखपृष्ठ, लेख, वर्गवारी, लॉग-इन केलेला वाचक यांचे क्लास ते आपणहून देते. त्यापलीकडे काही हवे असल्यास चाइल्ड थीमच्या (थीम म्हणजे संकेतस्थळाच्या रंगरूपाचा साचा, आणि चाइल्ड थीम म्हणजे त्यावर आधारलेली आपली उपथीम) फंक्शन्स फाइलमध्ये त्याच नावाच्या फिल्टरला, म्हणजे क्लासची यादी बदलू देणाऱ्या सोयीला, चार ओळी जोडल्या की काम भागते.

उद्यमनगरी:
त्या चार ओळी लिहिणारा माणूस दुकानात बसलेला नसतो, हे आपण विसरता. नवरात्रात एखाद्याच पानाची रंगसंगती बदलायची असेल, तर मालकाला संपादनाच्या पडद्यावर क्लासचे नाव लिहिण्याची चौकट हवी असते, आणि प्लगिन नेमके तेच देतो. शिवाय उद्या थीम बदलली की चाइल्ड थीममधील ओळी निकामी होतात, प्लगिन मात्र जागेवर राहतो. वर्डप्रेस आपणहून क्लास देते हेही मराठी संकेतस्थळांबाबत अर्धेच खरे आहे. वर्गवारीचा स्लग, म्हणजे वेबपत्त्यात दिसणारे तिचे नाव, देवनागरीत असेल, तर क्लास तयार करताना त्यातील अक्षरे गाळली जातात आणि नावाऐवजी वर्गवारीचा क्रमांक उरतो. संकेतस्थळाच्या चाचणीच्या प्रतीवर तीच वर्गवारी वेगळी तयार केली असेल, तर तिथला क्रमांकही निराळा असू शकतो; मग स्टाइलशीट, म्हणजे रंगरूपाच्या नियमांची फाइल, कशावर बेतायची?

शाहूपुरीकर:
स्लग रोमन लिपीत दिला की तो प्रश्न सुटतो. थीम बदलण्याचा आपला मुद्दा मात्र रास्त आहे, पण त्यावर त्याच चार ओळींचा स्वतःचा छोटा प्लगिन पुरतो; पंचवीस पर्यायांचे तयार प्लगिन कशाला? माझा खरा आक्षेप कॅशवर, म्हणजे वेग वाढवण्यासाठी साठवून ठेवलेल्या तयार पानांवर, आहे. तारखेवर अवलंबून असलेला नवरात्राचा क्लास सर्व्हरवर जोडला आणि पान कॅशमध्ये साठले, की दसरा उलटल्यावरही, कॅश रिकामी होईपर्यंत, तोच क्लास वाचकाला मिळत राहतो. मोबाइल ओळखून लावलेल्या क्लासचेही तसेच: फोनसाठी साठवलेले पान संगणकावरच्या वाचकाला जाऊ शकते. तिथे मीडिया क्वेरी, म्हणजे पडद्याच्या रुंदीनुसार ब्राउझरमध्येच लागू होणारा सीएसएस नियम, हाच योग्य मार्ग आहे.

रंकाळ्याकाठचा:
कॅशचा दोष प्लगिनच्या माथी मारू नये, कारण आपल्या चार ओळीही त्याच सर्व्हरवर चालतात.

उद्यमनगरी:
अगदी बरोबर. तारखेचा क्लास ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टने लावावा, आणि पान उघडताच रंग क्षणभर बदलताना दिसू नये म्हणून ती स्क्रिप्ट बॉडी सुरू होताच चालवावी. पानापुरता, मालकाने स्वतः निवडलेला क्लास मात्र पान जतन करतानाच ठरतो आणि बहुतेक कॅश प्लगिन त्याच वेळी त्या पानाची जुनी प्रत काढून टाकतात. म्हणून त्यासाठी मी प्लगिनच सुचवीन.

शाहूपुरीकर:
तेवढ्यापुरते मान्य आहे, परंतु मालकाला मोकळी चौकट न देता ठरलेल्या तीन-चार नावांची यादी द्यावी, म्हणजे स्टाइलशीटमध्ये नसलेले क्लास पानांवर साचणार नाहीत.